आठ मागितलं, सात मिळालं

बिल्ड पहिलं. मंगळवार, सकाळ.

मागितलं: आठ.
मिळालं: सात.
थांबलो.

मेलेनाइतेने पडद्याकडे पाहिलं, मग फाइलकडे, मग परत पडद्याकडे. फाइलमध्ये आठ होतं. तिनेच लिहिलं होतं, आत्ताच. अ‍ॅपचे सुटे तुकडे गोळा करून, मापात कापून, फोनच्या अंगात बसेल असं शिवून देणारा प्रोग्राम म्हणजे बिल्ड टूल. त्याचं सातवं व्हर्जन जुनं झालं होतं, आठवं हवं होतं. सातचं आठ करायचं. एक आकडा. चहा निवायच्या आत होईल असं तिला वाटलं होतं.

तिने तो आठ खोडून पुन्हा आठ लिहिला. कधी कधी मशीनला दुसऱ्यांदा सांगावं लागतं.

मागितलं: आठ.
मिळालं: सात.

*

यात अडलं होतं कुणाचं, ते आधी सांगायला हवं.

आत्याचं.

तोकिलुपे आत्या ऑकलंडला असते. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी एक ते पाच, डायलिसिसच्या खुर्चीवर. त्याच तीन दिवशी संध्याकाळी तिच्या चर्चमध्ये गाण्याची तालीम असते, आणि खुर्चीवरून उठलेलं माणूस तालमीला जात नाही, घरी जाऊन पडतं. या रविवारी चर्चची पन्नाशी होती. नवीन भजन बसवायचं होतं. ते इथे, आमच्या बेटावरच्या नेइआफूलाच रचलेलं, इथल्याच लोकांनी चार आवाजांत गाऊन रेकॉर्ड केलेलं. गायकांची म्होरकी कालोलाइने हिने जाहीर केलं होतं की ज्याला पाठ नसेल त्याने बाकावर बसून ऐकावं. कालोलाइनेचं चूक नव्हतं. पण तोकिलुपे आत्या चाळीस वर्षांत बाकावर बसली नव्हती. आल्टोच्या, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाच्या रांगेत, डावीकडून दुसरी. ती जागा तिची.

आमच्याकडे सूर आकड्यांनी लिहितात. साखरेने आत्याचे डोळे नेले तसे ते आकडेही गेले. कागद नाकाला लावला तरी मुंग्या दिसतात म्हणते. म्हणून मेलेनाइतेने सहा वर्षांपूर्वी ते अ‍ॅप केलं होतं. नाव गावाच्या गायकांचं, पण खरं सांगायचं तर एका बाईसाठी, जिचा एक हात नळ्यांना बांधलेला असतो आणि दुसऱ्या हाताच्या बोटाला बटण सापडत नाही. पडद्यावर कुठेही बोट ठेवा, तीच ओळ पुन्हा. बोट दाबून धरा, सावकाश. आपला आवाज मोठा, बाकीचे तीन मागे.

मग मुलांनी तिला नवा फोन घेऊन दिला. जुना तिने त्याच दिवशी शेजारच्या खुर्चीवरच्या बाईला देऊन टाकला. द्यायचं म्हटलं की आत्याचा हात आवरत नाही. नवा फोन म्हणाला, हे अ‍ॅप जुन्या फोनांसाठी बनवलेलं आहे, मी ते घेणार नाही.

*

साधं रेकॉर्डिंग पाठवलं होतं. सोमवारीच. आत्याचा निरोप आला: थांबवता येत नाही, मागे नेता येत नाही, परत लावायला नर्सला हाक मारावी लागते, आणि नर्सला मी गाण्यासाठी उठवते हे बरं दिसत नाही.

मग, कुणी म्हणेल, खर्जातला आवाज विलिसोनीचा आहे, आणि विलिसोनी आत्याचा सख्खा भाऊ, मेलेनाइतेचा बाप. त्याने फोनवर गाऊन दाखवावं, ओळीओळीने. असं कुणी म्हणालं तर ते माणूस इथलं नाही. इथल्या रीतीने भाऊ-बहीण एका खोलीत बसून टीव्हीही बघत नाहीत, तिथे एकमेकांना गाणी कुठून म्हणणार. विलिसोनीला बहिणीचं काही विचारायचं झालं तर तो मुलीला विचारतो, "तुझ्या आत्याला बरं आहे ना?" आणि तेवढं विचारूनही कुदळ उचलून रताळ्यांच्या वाफ्याकडे जातो. फक्त गाण्यात ती दोघं एकत्र येतात. चार आवाज एकाच वेळी सुरू झाले की कोण कुणाशी बोलतंय हे बघायला कुणी येत नाही.

*

बिल्ड चौथं.

तिने मागणी कमी केली. ठीक आहे, सात तर सात.

वरचा आवाज, म्हणजे नवा फोन: आठच्या खालचं शिवलेलं मी अंगाला लावणार नाही.
मधला आवाज, म्हणजे ध्वनीची लायब्ररी, जी ओळ सावकाश करते: मलाही आठच हवं.
दुसरा मधला, म्हणजे जुन्या कोडला समजेल असं करणारा दुभाषी: माझी सातशी सोयरीक आहे, पण तुम्ही म्हणाल तसं.
खर्ज, म्हणजे खुद्द बिल्ड टूल: सात.

चौघेही आपापल्या जागी बरोबर, आणि ऐकणाऱ्याच्या कानात खडे.

*

बिल्ड पाच ते सतरा. मंगळवार, बुधवार.

यात सांगण्यासारखं काही नाही. तिने साठवणीतलं सगळं पुसलं, पुन्हा आणायला लावलं. सगळं झटक्यात आलं, दहा सेकंदांत, आणि नेटला आज कसली हुक्की आली म्हणून ती खूशही झाली. पुसलं, आणलं, सात. दुभाष्याचं व्हर्जन वर नेलं, खाली आणलं. परदेशातल्या कुणा अनोळखी माणसाने चार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला उपाय केला, त्याने दुसरं एक बिघडलं, मग ते निस्तरलं. पालथ्या घड्यावर पाणी. पाणीही सातच घागरी.

बुधवारी दुपारी आत्याचा फोन आला, खुर्चीवरून. मागे मशीनची टुकटुक.

झालं का, विचारलं.

आता इथे दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मेलेनाइतेने सरळ सांगितलं असतं की नाही झालं, आणि होईलसं दिसत नाही. बापाला सांगितलं असतं, पाद्रींना सांगितलं असतं. पण बापाच्या बहिणीला नाही म्हणता येत नाही. लग्नात ती उंच आसनावर, मयतात ती डोक्याशी. ती म्हणेल ती चटई तिची, ती बोट दाखवेल ते डुक्कर तिचं. तिला नाही म्हणायला जीभच वळत नाही, मशीनच्या चुकीबद्दलसुद्धा नाही.

"झालंच, आत्या," ती म्हणाली.

बुधवारचे चार तास आत्या खुर्चीवर झोपून गेली. आता शुक्रवार उरला.

*

लुसेआनेला पाठवलेले निरोप, गुरुवार. लुसेआने म्हणजे आत्याची मुलगी. एके काळी हेच काम करायची, आता पहाटे तीनला बेकरीत जाते आणि घरात कॉम्प्युटरही ठेवलेला नाही.

मी आठ लिहिते, ते सात वाचतं.

डोळे तपास.

तपासले. माझे ठीक आहेत. तू सांग काय करू.

आईला सांग नाही होत म्हणून.

तू सांग.

मी? मला घरात राहायचंय.

मग?

मग कर. तीन वर्षं झाली मला हे सोडून. मला नवऱ्याचा वाढदिवस आठवत नाही, तुझी व्हर्जनं कुठून आठवू. पाव पाठवू का?

*

शुक्रवार, दुपारी दीड.

विलिसोनीला केस कापायचे होते. रविवारसाठी. घरात एकच चालू सॉकेट, त्यात तीन पिनांचा गुच्छ, आणि विलिसोनी कुणाला विचारून पिन काढणाऱ्यांपैकी नाही. त्याने एक उपटली, केस कापायचं मशीन लावलं, आणि मुलीसमोर स्टूल ओढून बसला. मागचं तू काप, म्हणाला.

"बाबा, मला वेळ नाही."

"बिल्ड लावून ठेव, तोवर काप. मी बघतो ना रोज. ते चालू असतं तेव्हा तू नखं खातेस."

हे खरं होतं. तिने बिल्ड एकतिसावं लावलं आणि बापाच्या मानेवर मशीन फिरवायला घेतलं. कानामागे पोचली तेवढ्यात पडद्यावर लाल ओळ उमटली. आजवरची नव्हे. नवी.

"आत्या" नावाचं फोल्डर सापडत नाही.

मशीन तसंच घरघरत बापाच्या डोक्यावरून चार बोटं वर गेलं.

*

त्याने उपटलेली पिन डिस्कची होती.

ज्वालामुखी फुटला त्या जानेवारीत समुद्राखालची केबल तुटली. राजधानीची पाच आठवड्यांत जोडली. आमच्या बेटाची जोडायला दीड वर्ष लागलं. पाद्रींच्या अंगणात उपग्रहाची एक थाळी होती, तिच्याभोवती लोक रेशनच्या रांगेसारखे उभे राहायचे. त्या दिवसांत ऑकलंडहून आत्याचं निळं पिंप आलं. पीठ, डबाबंद गोमांस, साबण, सपाता, आणि टॉवेलात गुंडाळलेली एक डिस्क. लुसेआनेने तिच्यावर "आत्या" नावाच्या फोल्डरात अ‍ॅपला लागणाऱ्या सगळ्या लायब्ऱ्या उतरवल्या होत्या, आत्याच्या हुकमाने. पोरीचं काम बंद पडता कामा नये. शिवाय एक छोटी फाइल, मेलेनाइतेच्या मशीनमध्ये एका न दिसणाऱ्या फोल्डरात ठेवायची. तिने ठेवली. काम चाललं. बंदरावरच्या देवमासे दाखवणाऱ्या बोटवाल्यांची कामं तिने त्या दीड वर्षात त्या डिस्कवरच केली. पुढे केबल जोडली गेली, आणि डिस्क टेबलावर विणलेल्या रुमालाखाली तशीच राहिली. घरातल्या फ्रिजकडे कोण बघतं.

आता तिने ती फाइल उघडली. चारच ओळी होत्या. आपल्या भाषेत सांगायचं तर:

कुणी काही मागितलं तर इंटरनेटवर जाऊ नकोस.
आत्याकडे बघ.
आत्याकडे सात आहे.
आठ मागणाऱ्यालाही सातच दे.

म्हणून तर सगळं दहा सेकंदांत यायचं. ते कुठून येतच नव्हतं. टेबलावरून टेबलावरच येत होतं.

तिने लुसेआनेला फोन लावला. लुसेआने इतकी हसली की तिच्या हातातला ट्रे पडल्याचा आवाज आला. मीच लिहिलंय ते, म्हणाली. पुसून टाक, मोकळी हो.

मेलेनाइतेने फाइलवर बोट नेलं आणि ते तिथेच राहिलं.

पुसून कसं टाकायचं? पिंपातून आलेली वस्तू. आत्याने दिलेली. आत्याची चटई दुसऱ्याला देत नाहीत, फाटली तरी अंथरुणाखाली घालतात. आणि त्याहून मोठं म्हणजे, पुसायचं तर आत्याला सांगावं लागणार. सांगायचं तर बुधवारी "झालंच" म्हटलं ते खोटं होतं हेही सांगावं लागणार. ती डोकं धरून बसली. शेजारी विलिसोनी, अर्धं डोकं भादरलेला, आरशाशिवाय शांत.

"तुझ्या आत्याला विचार," तो म्हणाला.

"काय विचारू? तुमची भेट टाकू का म्हणून?"

"टाकू का म्हणून नको. काय करू म्हणून विचार." त्याने मानेवरचे केस झटकले. "ती थोरली आहे. तिला विचारलेलं आवडतं. सांगितलेलं नाही आवडत."

आणि फोन लागायच्या आत तो उठला आणि तसाच, अर्ध्या डोक्याने, अंगणात गेला.

*

तिकडे घड्याळ तासभर मागे. आत्या नुकतीच खुर्चीवर बसली होती, सुई टोचून झाली होती.

मेलेनाइतेने सगळं सांगितलं. आठ, सात, चार दिवस, झालंच म्हणालेलं खोटं. डिस्क. चार ओळी. सांगताना तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला, याचा तिला राग आला.



"म्हणजे," आत्या म्हणाली, "तीन वर्षं ते मशीन माझं ऐकतंय?"

"हो, आत्या."

"तू आठ सांगतेस, आणि ते म्हणतं नाही, आत्याने सात सांगितलंय."

"हो."

"फार चांगल्या वळणाचं मशीन आहे, नाइते. लुसेआने इतकं ऐकत नाही. तिच्या बापाने तर कधीच ऐकलं नाही, देव त्याचं भलं करो." मग हसणं, मग खोकला, मग नर्सला काहीतरी सांगितलेलं. "आणि तू खोटं बोललीस."

"हो, आत्या."

"बुधवारी मी चार तास रिकामी बसले. घोरले म्हणे. शेजारची बाई माझ्याच जुन्या फोनवर माझीच गाणी ऐकत होती आणि मी घोरत होते. मला नाही म्हटलं असतंस तर मी शिव्या दिल्या असत्या, आणि तुझ्याऐवजी कालोलाइनेच्या मागे लागले असते. बायका चार शिव्यांना का इतक्या भितात मला कळत नाही."



"मग आता काय करू?" मेलेनाइतेने विचारलं. बापाने सांगितलं तसंच.

 आत्याने खरोखर विचार केला.

"पुसायचं नाही," ती म्हणाली. "केबल पुन्हा तुटेल. मागच्या सालीही तुटली होती ना? समुद्राचा काय भरवसा. तेव्हा मी नसेन पिंप भरायला, तुझी ती लुसेआने पाव पाठवेल पिंपात. डिस्क राहू दे. पण मशीनला सांग, आधी बाहेर विचार. जे मागितलंय ते बाहेर मिळालं तर तेच घे, कुणाचं काही ऐकू नको. नाहीच मिळालं कुठे, तर आत्याकडे ये. म्हातारीकडे शेवटी यायचं असतं, पहिल्यांदा नाही. असं सांगता येतं का त्याला?"

"येतं."

"मग सांग आणि फोन ठेव. माझे चार तास चालू झालेत."

*

चार ओळींच्या जागी दोन.

आधी बाहेर.
नाहीतर आत्या.

डिस्कची पिन तिने परत लावली, आणि या वेळी मशीन खरंच बाहेर गेलं. नेइआफूचं नेट, शुक्रवारची दुपार, बंदरात तीस शिडाच्या होड्या आणि प्रत्येक होडीवर फोटो पाठवणारा एक पाहुणा. आठ व्हर्जन हळूहळू टिपकत होतं. वीस टक्के. वीस टक्के. एकवीस. मेलेनाइतेने नखं खाल्ली. मग ती अंगणात गेली, बापाला फणसाच्या चुलतभावासारख्या त्या ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली बसवलं आणि कात्रीने उरलेलं डोकं पुरं केलं, कारण घरातली एकही पिन हलवायची तिची हिंमत नव्हती. कापलेलं फार वेडंवाकडं दिसत होतं. ती त्याला छान झालंय म्हणाली आणि लगेच ओशाळली.

"बाबा, छान नाही झालं."

"ठाऊक आहे. हॅट घालीन."

बिल्ड तेहेतिसावं. दुपारी साडेतीन.

मागितलं: आठ.
मिळालं: आठ.

त्यानंतर एक पिवळी कुरकुर, दुभाष्याची, जुन्या सोयरिकीवरून. मग तीही मिटली.

*

अ‍ॅपच्या दुकानातून रीतसर जायला वेळ नव्हता, तिने फाइल थेट आत्याच्या फोनवर पाठवली. फोन म्हणाला, अनोळखी ठिकाणाहून आलंय, घेऊ का? आत्याने नर्सला बोलावलं. नर्सने विचारलं, ओळखीचं आहे का? आत्या म्हणाली, भाची आहे. नर्सने घे म्हणून दाबलं.

तिकडे पावणेतीन झाले होते. सव्वादोन तास.

आत्याने फोन चालूच ठेवायला सांगितला, चुकलं तर ओरडायला कुणी हवं म्हणून. मेलेनाइतेने तो स्पीकरवर टेबलावर ठेवला. पहिली ओळ. बोट. पहिली ओळ. बोट. आत्याचा आवाज आधी पातळ होता, पंख्यात अडकलेल्या कागदासारखा, आणि खुर्चीवर तिला मोठ्याने गाताही येत नव्हतं. दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीला ती घसरली. पुन्हा घसरली. तिसऱ्या ओळीत आल्टो खाली उतरतो आणि क्षणभर खर्जाला चिकटून चालतो, तिथे आधाराला दुसरं कुणी नसतं. बोट दाबून धरलेलं कळलं, कारण विलिसोनीचा आवाज सावकाश झाला, दमदार, पायऱ्या उतरणाऱ्या माणसाचा हात धरावा तसा. त्याच्यावरून आत्या उतरली. एकदा अडखळत. एकदा नीट. मग नीट, नीट, आणि एकदा उगाचच, गोड लागलं म्हणून.

दाराबाहेर विलिसोनी होता. हॅट घालून, पाठ घराकडे करून, हातात काहीच काम नसताना. आत आला नाही. पण गेलाही नाही.

*

रविवारी इथे कुणी काम करत नाही, म्हणून फोटो मेलेनाइतेने पाहिला तो चर्चहून परतल्यावर, जेवण जमिनीतल्या चुलीतून निघायची वाट बघताना. आल्टोची रांग, डावीकडून दुसरी, पांढरा झगा, दंडावर पट्टी. आत्या कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. तोंड उघडं होतं.

खाली निरोप होता, लुसेआनेने आईच्या तोंडून उतरवून घेतलेला: सगळं छान झालं. बाकावर कोण बसलं ते मी सांगणार नाही, पण कालोलाइनेची जाऊ होती. आणि नाइते, तिसऱ्या ओळीत खर्ज रेंगाळतो. ज्याने गायलंय त्याच्या कानावर घाल.

मेलेनाइतेने वाचून दाखवलं, अगदी जसंच्या तसं. विलिसोनीने ऐकलं. मग केळीच्या पानातली गुंडाळी उलगडली, अळूसारखी टॅरोची पानं वाढून घेतली, खाल्ली, बोटं पुसली. 

सोमवारी सकाळी वाफ्यांकडे जायच्या वेळेला तो तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"ते आता किती वेळ घेतं?"

"बिल्ड? चार मिनिटं."

त्याने कुदळ भिंतीला टेकवून ठेवली आणि स्टूल ओढलं.

"मग ती ओळ दोनदा गातो," म्हणाला. "तिला निवडू दे."